खासगीत सांगतो, छापू नका

२६ जुलै २०२५ च्या शनिवारी, सकाळी सहाच्या सुमारास, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि पुणे जिल्ह्याचे पालकमंत्री अजित पवार हिंजवडीत पाहणीसाठी आले. जूनच्या सुरुवातीच्या पावसातच आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले होते. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचे काम सुरू असल्याने वाहतूक रखडत होती आणि इथे नोकरी करणाऱ्यांनी सह्यांची मोहीम उघडली होती. त्या पाहणीत गावच्या सरपंचांशी बोलताना पवार उखडले. आपले वाटोळे झाले आहे, हिंजवडीचे आयटी पार्क पुण्यातून, महाराष्ट्रातून उठून बंगळुरू-हैदराबादला चालले आहे आणि तुम्हाला त्याचे काही पडलेले नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ते काही पत्रकारांना दिलेले निवेदन नव्हते. कामाच्या ओघात, त्राग्याने निघालेले शब्द होते. ते कॅमेऱ्यांनी टिपले आणि दिवसभर वाहिन्यांवर चालले. त्याआधी वर्षभर हाच वाद वेगळ्या रूपात चालू होता. हिंजवडीतून ३७ कंपन्या बाहेर गेल्याची बातमी २०२४ मध्ये गाजली होती आणि राज्यात गुंतवणूक वाढतेच आहे, हे सरकारचे जाहीर सांगणे कायम होते. अशा वेळी सत्तेतल्या पहिल्या तिघांपैकी एकाने चिंता स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवली, म्हणून त्या काही सेकंदांना किंमत आली.

आता कल्पना करू, की हीच वाक्ये आदल्या रात्री एखाद्या सरकारी विश्रामगृहात, दार लावून, दहा-बारा पत्रकारांपुढे बोलली गेली असती आणि शेवटी ‘हे आपल्यातच राहू द्या’ एवढी पुस्ती जोडली गेली असती. दुसऱ्या दिवशीच्या अंकात काय आले असते? हिंजवडीच्या प्रश्नावर सरकार गंभीर असल्याचे सूत्रांनी सांगितले, असे काहीसे. दहा-बारा पत्रकारांना खरे काय ते कळले असते. रोज त्या रस्त्यावर तास-दीड तास अडकणाऱ्या माणसाला कळले नसते. पत्रकारांनी राजकीय नेत्यांच्या ‘ऑफ द रेकॉर्ड’ बैठकींना जावे का, या प्रश्नाचे मर्म या फरकात आहे. जावे असे सांगणारे बहुतेक जण पत्रकाराला काय मिळते ते मोजतात. वाचकाला काय मिळते आणि त्याच्यापासून काय काढून घेतले जाते, हे मोजले तर उत्तर बदलते. माझे उत्तर असे आहे: नेत्याने बोलावलेल्या, न छापण्याच्या अटीवर भरलेल्या सामूहिक बैठकीला पत्रकाराने जाऊ नये. गोपनीयता हे दुबळ्या माणसाला सत्तेपासून वाचवण्याचे साधन आहे. सत्तेने ते स्वतःच्या सोयीसाठी वापरायला घेतले, की पत्रकार त्या सोयीचा भाग होतो.

आधी प्रकार नीट वेगळे करायला हवेत, कारण आपल्याकडे ते नेहमी मिसळतात. नाव घेऊन छापायचे ते उघड बोलणे. माहिती वापरायची पण नाव द्यायचे नाही, हा दुसरा प्रकार. आणि माहिती कोणत्याही रूपात वापरायचीच नाही, फक्त समजून घ्यायची, हे खरे ऑफ द रेकॉर्ड. महाराष्ट्रात याखेरीज चौथा प्रकार रुजला आहे. ‘पत्रकारांशी अनौपचारिक गप्पा मारताना ते म्हणाले’ हे वाक्य मराठी वाचकाला पाठ आहे. यात नाव छापले जाते, विधान छापले जाते, तरी नेत्याला हवे तेव्हा मागे सरता येते. प्रतिक्रिया चांगली आली तर ती त्याची भूमिका. वाईट आली तर गप्पांत विषय निघाला होता, एवढेच. अधिवेशनाच्या काळात नागपूरला किंवा मंत्रालयाच्या दालनांत अशा गप्पांतून कितीतरी पुड्या सोडल्या जातात. मित्रपक्षाला इशारा द्यायचा असतो, स्वपक्षातल्या स्पर्धकाचे नाव मंत्रिपदाच्या यादीतून गळाल्याची हवा करायची असते, एखादा अप्रिय निर्णय लोक कितपत सहन करतील हे चाचपायचे असते. पुडी खरी ठरली तर वार्ताहराची पाठ थोपटली जाते आणि खोटी ठरली तर कोणी जाब विचारत नाही, कारण जाब विचारायला समोर नावच नसते किंवा असले तरी ते बांधील नसते.

नेते पत्रकारांना खासगीत का बोलावतात, याचे अंदाज बांधायची गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची अहमदनगरमधल्या पक्षकार्यकर्त्यांच्या बैठकीतली ध्वनिफीत बाहेर आली. निवडणुकीपर्यंत आपल्याविरुद्ध बातमी येता कामा नये, त्यासाठी पत्रकारांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, असा सल्ला त्यात होता. त्यावर टीका झाली, तेव्हा पत्रकारांना सन्मानाने वागवा एवढेच सांगायचे होते, असा खुलासा त्यांनी केला. हा सल्ला एका पक्षापुरता आहे असे मला वाटत नाही. बाकीच्यांची ध्वनिफीत बाहेर आलेली नाही इतकेच. चहाच्या कपाने कोणी विकला जात नाही, हे खरे आहे. पण खासगी बैठकीत मिळणारी वस्तू चहापेक्षा मोठी असते. ‘तुम्हाला म्हणून सांगतो’ या शब्दांनी पत्रकाराला आतल्या माणसाचा मान मिळतो. तो मान टिकवायचा तर पुढच्या बैठकीचे निमंत्रण यायला हवे, आणि ते यायला हवे तर आजची बातमी थोडी मऊ हवी. कोणी काही मागत नाही, कोणी काही देत नाही, तरी व्यवहार पुरा होतो. पैशाचे पाकीट नाकारणे त्यामानाने सोपे, कारण ते दिसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की आतल्या वर्तुळात नसलो तर बातमीच मिळणार नाही. महाराष्ट्राच्या गेल्या काही वर्षांच्या अनुभवावर तो ताडून पाहावा. २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार हे जवळजवळ ठरलेले होते आणि सकाळचे अंक तसेच निघाले. ते अंक लोकांच्या हाती पडत असतानाच राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडानंतर दहा दिवस ‘सूत्रे’ अखंड बोलत होती आणि त्या सर्वांचा सूर फडणवीस मुख्यमंत्री होणार असाच होता. ३० जूनला पत्रकार परिषदेत स्वतः फडणवीसांनी एकनाथ शिंदे यांचे नाव जाहीर केले, तेव्हा बहुतेक सगळे चकित झाले. वर्षानुवर्षे खासगी बैठकींत बसलेले, नेत्यांचे मोबाइल क्रमांक तोंडपाठ असलेले वार्ताहर या दोन्ही वेळी बाहेरच राहिले. जे खरोखर गुप्त ठेवायचे असते ते नेते पत्रकारांना ऑफ द रेकॉर्डही सांगत नाहीत. सांगतात ते पसरवायचे असते म्हणून. हे एकदा ध्यानात घेतले, की आत असण्याचा मोठा गाजावाजा झालेला फायदा बराच उतरतो.

आणि समजा आतली माहिती खरी निघाली, तरी ती वाचकापर्यंत कशी पोचते? १९७८ च्या जुलैत वसंतदादा पाटलांचे सरकार पडले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्या घडामोडींच्या सुमारास महाराष्ट्र टाइम्सचे संपादक गोविंद तळवलकर यांनी, हे सरकार जावे ही ‘श्रीं’ची इच्छा आहे, असे सुचवणारा अग्रलेख लिहिला. ‘श्री’ म्हणजे यशवंतराव चव्हाण, हे जाणकारांनी ओळखले. तळवलकरांची विद्वत्ता आणि लेखणी वादातीत होती आणि यशवंतरावांशी त्यांची जवळीक कोणी लपवून ठेवली नव्हती. पण त्या अग्रलेखाची रचनाच पाहा: ज्याला आतले ठाऊक त्याला इशारा कळावा आणि ज्याला ठाऊक नाही त्याने कोडे सोडवत बसावे. राज्याचे सरकार जाणार की राहणार, ते कोणाच्या संमतीने, ही माहिती सातारच्या शेतकऱ्याला आणि परळच्या गिरणी कामगाराला सरळ भाषेत मिळण्याचा हक्क होता. इतका मोठा संपादकही खासगी माहितीला संकेताच्या रूपातच वाट देऊ शकला, यावरून त्या पेचाची ताकद कळते.

गोपनीय माहितीवर विसंबण्याचा धोका मराठी पत्रकारितेने तर एकोणिसाव्या शतकातच चाखला आहे. केसरी १८८१ मध्ये सुरू झाला. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याच्या प्रकरणात केसरी आणि मराठा या पत्रांनी तिथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. त्याचा आधार होता खासगीरीत्या हाती आलेली पत्रे. ती न्यायालयात बनावट ठरली. टिळक आणि आगरकरांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू शुद्ध होता, लोक त्यांच्या पाठीशी होते. पण पत्रे उघड तपासून घेण्याची सोय नव्हती आणि तिथेच घात झाला. सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सच्या ज्युडिथ मिलर २००५ मध्ये ८५ दिवस तुरुंगात गेल्या, तेव्हा कारण वेगळे होते. त्या ज्या सूत्राचे नाव राखत होत्या तो होता उपराष्ट्राध्यक्षांचा मुख्य सहायक लुइस लिबी. आपला उल्लेख सरकारचा वरिष्ठ अधिकारी असा न करता संसदेतला माजी कर्मचारी असा करावा, ही त्याची मागणी त्यांनी एका भेटीत मान्य केली होती. इराक युद्धावर टीका करणाऱ्या माणसाविरुद्ध सत्तेच्या शिखरावरून येणारी माहिती एखाद्या माजी कर्मचाऱ्याची वाटावी, एवढ्यासाठी ही तडजोड. इथे गोपनीयता कोणाचे रक्षण करत होती, हे विचारले की प्रश्न सुटतो.

हिंजवडीकडे परत वळावे लागते, कारण नाव न घेता बोलण्याचा तोटा इथे जेवढा स्पष्ट दिसतो तेवढा क्वचितच दिसतो. हिंजवडी मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायत आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीचा. भोवतालच्या भागाचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (पीएमआरडीए), मेट्रोही त्यांचीच. शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका. पोलिस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचे, २०१८ पासून. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावे महापालिकेत घ्यावीत ही मागणी जुनी आहे आणि ती अडली कुठे, याची उत्तरे जेवढी कार्यालये तेवढी आहेत. ओढा कोणी बुजवला, नाल्यावर बांधकामाला परवानगी कोणी दिली, मेट्रोच्या खांबांभोवतीचा राडारोडा कोणी उचलायचा, रस्तारुंदीसाठी जागा कोणी अडवली: अशा प्रत्येक प्रश्नावर एक यंत्रणा खासगीत दुसरीकडे बोट दाखवते. वार्ताहराने नाव न छापण्याची अट मानली, की ‘एका अधिकाऱ्याने सांगितले’ या तीन शब्दांत सगळ्या कार्यालयांची जबाबदारी विरघळून जाते. बातमी छापून येते, दोष दिला जातो, आणि तरी कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही, कारण आरोप करणारा बेनाव आणि ज्याच्यावर आरोप तो म्हणतो, हे मला कोणी अधिकृतपणे विचारलेच नाही. जिथे कारभार एकाच हातात आहे तिथे बेनाव माहितीचा एखाद वेळी उपयोग होईल. जिथे तो वाटला गेला आहे तिथे ती बेजबाबदारीला खतपाणी घालते. जुलैच्या त्या सकाळी निदान एक गोष्ट झाली: बोलणाऱ्याला नाव होते. तुम्हीच पालकमंत्री आहात, इतकी वर्षे तुमच्याच पक्षाची इथे सत्ता होती, मग वाटोळे झाले असेल तर त्यात तुमचा वाटा किती, हे विचारता आले. लोकांनी ते विचारलेही.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. सगळेच उघड बोलायला लावले, तर ज्यांना नोकरी गमावण्याची भीती आहे ते बोलणारच नाहीत. खरे आहे. पीएमआरडीएतला कनिष्ठ अभियंता, जमीन गेलेला शेतकरी, कंत्राटदाराच्या हाताखालचा पर्यवेक्षक, आयटी कंपनीतला कर्मचारी यांचे नाव पत्रकाराने प्राणपणाने जपले पाहिजे. म्हणून मी गोपनीयतेच्या विरोधात नाही. ती कोणाला द्यायची याबद्दल बोलतो आहे. वॉटरगेटच्या काळात बॉब वुडवर्डला माहिती देणारा मार्क फेल्ट एफबीआयमधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता, म्हणजे दुबळा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण तो स्वतःच्या वरच्या सत्तेविरुद्ध बोलत होता, पकडला गेला असता तर त्याचे सर्वस्व जाणार होते, आणि त्याच्या सांगण्याला दुसरीकडून दुजोरा शोधला जात होता. मंत्री पत्रकारांच्या घोळक्याला बोलावून जे सांगतो त्यात यापैकी काय असते? तो पकडला जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण दार त्याने लावलेले असते. खबऱ्याकडे पत्रकार जातो. खासगी बैठकीत नेता पत्रकाराकडे, किंवा त्याच्या वाचकांकडे, जात असतो. हा दिशेचा फरक सहसा फसवत नाही.

दुसरा आक्षेप पार्श्वभूमीचा. अंदाजपत्रक, पाणीवाटप, भूसंपादनाचा कायदा असे गुंतागुंतीचे विषय नेत्याने मोकळेपणी समजावून दिले तर बातमी अधिक अचूक होते, हे मान्य. पण समजावून देण्यात लपवण्यासारखे काय आहे? आकडे आणि नियम उघड सांगता येतात. मोकळेपणी बोलायचे म्हणजे बहुधा सहकाऱ्याविषयी किंवा स्वतःच्याच जाहीर भूमिकेविषयी काही वेगळे सांगायचे असते. जाहीर भूमिका आणि खासगी मत यांत अंतर असेल तर तीच बातमी आहे, आणि ती न छापण्याचे वचन देऊन पत्रकार त्या अंतराचा राखणदार बनतो. अपवाद आहेत. अपहरण झालेल्या मुलाचा शोध चालू आहे, दंगल पेटण्याची शक्यता आहे, अशा वेळी पोलिसांनी काही तासांसाठी माहिती रोखायला सांगितली तर ऐकावे. तिथे कारण सांगितलेले असते, मुदत ठरलेली असते, आणि मुदत संपली की सगळे छापता येते. नेत्याच्या खासगी बैठकीला मुदतच नसते.

मग पकडलेले शब्द छापणे हा विश्वासघात नव्हे काय? सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणावरच्या बैठकीनंतर सह्याद्री अतिथीगृहात पत्रकार परिषद सुरू होण्याआधी मुख्यमंत्री शिंदे आपल्याला बोलून मोकळे व्हायचे आहे अशा अर्थाचे काही बोलले आणि फडणवीसांनी माइक चालू असल्याची जाणीव करून दिली. ती चित्रफीत पसरल्यावर, आपले बोलणे संदर्भ तोडून दाखवले जात आहे, अशी तक्रार शिंदे यांनी केली. ही तक्रार तपासण्याजोगी आहे आणि अशा वेळी आधीचा-नंतरचा सगळा भाग दाखवणे वाहिनीचे कर्तव्य आहे. पण ऑफ द रेकॉर्ड हा दोन्ही बाजूंनी आधी केलेला करार असतो. बोलून झाल्यावर एका बाजूने तो लादता येत नाही. सह्याद्रीच्या मंचावर किंवा हिंजवडीच्या रस्त्यावर, भोवती कॅमेरे असताना, सार्वजनिक कामाविषयी निघालेले शब्द कोणत्याही कराराखाली येत नाहीत. त्याच माणसाने घरी कुटुंबाशी बोललेले कोणी लपून टिपले असते तर ते छापू नये, असेच मी म्हणेन.

करार पाळण्याची सक्तीही एकतर्फी असते. न्यूयॉर्क टाइम्सचे प्रकाशक ए. जी. सल्झबर्गर जुलै २०१८ मध्ये व्हाइट हाउसच्या अटीनुसार डोनाल्ड ट्रम्प यांना ऑफ द रेकॉर्ड भेटले. नऊ दिवसांनी ट्रम्प यांनीच त्या भेटीविषयी ट्विट करून आपल्याला सोयीचे वर्णन लोकांपुढे मांडले; मग सल्झबर्गर यांना आपली बाजू जाहीर करावी लागली. वचन मोडले तर नेत्याला दोन दिवस टीका सहन करावी लागते, पत्रकाराला मात्र पुढे प्रवेश मिळत नाही. इतक्या विषम करारावर सही करण्याआधी कोणताही शहाणा माणूस दोनदा विचार करेल.

सगळ्यात अवघड अडचण जगण्याची आहे. मुळशी-मावळातल्या अंशकालीन वार्ताहराला बातम्यांबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात आणि वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छांची जाहिरात ज्या नेत्याकडून येते त्याच्या बैठकीला नाही म्हणणे त्याला परवडत नाही. त्याला एकट्याला नीतीचे धडे देणे अन्यायाचे आहे. नाही म्हणण्याचा भार संपादकांनी आणि पत्रकार संघटनांनी उचलायला हवा. ब्रिटनमध्ये १८८४ पासून चालत आलेल्या संसदीय ‘लॉबी’त पंतप्रधानांच्या प्रवक्त्याकडून रोज बेनाव माहिती घेण्याची प्रथा होती. १९८६ मध्ये नव्याने निघालेल्या द इंडिपेंडंटने त्या बैठकींना जायला नकार दिला, मग गार्डियनही बाहेर पडला. ही पत्रे बातम्यांवाचून बुडाली नाहीत, आणि १९९७ नंतर डाउनिंग स्ट्रीटच्या नावाने माहिती देण्याची पद्धत आली. पुण्यात श्रमिक पत्रकार संघ आहे, मुंबईत मंत्रालय आणि विधिमंडळ वार्ताहर संघ आहे. मंत्र्याने न छापण्याच्या अटीवर बोलावले तर कोणीही जाणार नाही, एवढा एक ठराव त्यांनी केला तरी स्पर्धेची भीती पुष्कळ कमी होईल. आणि जे आधीच एखाद्या बंद खोलीत बसून आले आहेत, त्यांच्यासाठी भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत एक वाट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. ऑफ द रेकॉर्ड सांगितलेली गोष्टही संपादकाला छापता येते; मात्र ती तशी सांगितली गेली होती आणि आपण ती सार्वजनिक हितासाठी छापत आहोत, हे त्याने तळटीप देऊन स्पष्ट केले पाहिजे. हिंजवडीचा पूर, सात गावांचा रखडलेला निर्णय, हे विषय त्या तळटिपेला पात्र आहेत असे मला वाटते. वार्ताहराने टिपून आणलेली वही संपादकाच्या टेबलावर ठेवावी आणि तळटीप लिहायची की नाही याचा निर्णय संपादकाने आपल्या नावाने घ्यावा.